भुयारातील अवतार

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात त्या अध्यापकांकडे त्यांचा भाचा पंधरा दिवस राहावयास आला. महाराष्ट्राबाहेरच्या एका विद्यापीठात त्यांनी तीस वर्षे मराठी शिकवली होती. जुन्या संहिता, पाठभेद आणि संतचरित्रे हा त्यांचा विषय. भाचा संगणकावरील खेळ तयार करणाऱ्यांपैकी. दोघांत बोलण्यासारखे विषय थोडे होते आणि पाऊस मात्र पुष्कळ होता. अशाच एका दुपारी भाच्याने आपल्या लॅपटॉपवर एक जुना खेळ लावून दिला आणि तो म्हणाला, "मामा, यात जिंकायचं वगैरे काही मनात धरू नका. नुसते आत उतरा आणि फिरा."

खेळाचे नाव 'अल्टिमा अंडरवर्ल्ड : द स्टिजियन ॲबिस'. मार्च 1992 मध्ये तो अमेरिकेत प्रसिद्ध झाला. 'ब्लू स्काय प्रॉडक्शन्स' नावाच्या एका लहानशा मंडळीने तो घडविला. पॉल न्यूरथ, डग चर्च आणि निर्माते वॉरन स्पेक्टर ही त्यामागची ठळक नावे. कथेचा आरंभ असा : एका सरदाराच्या मुलीचे अपहरण होते, आळ नायकावर येतो आणि तिला सोडवून आणल्यावाचून परत यावयाचे नाही, या अटीवर त्याला एका महाविवरात ढकलले जाते. त्याच्या पाठीमागे दार बंद होते. पुढे एकाखाली एक अशा आठ पातळ्यांचे भुयार पसरलेले असते.

अध्यापकांना पडद्यावर दिसले ते फारसे नेत्रदीपक नव्हते. त्या काळच्या यंत्रांची शक्ती बेताची असल्यामुळे दृश्य पडद्याच्या एका चौकोनापुरतेच मर्यादित ठेवलेले, भिंती ओबडधोबड, मशालीच्या उजेडापलीकडे काळोख. परंतु त्या चौकोनातून डोळे वर करून छत पाहता येत होते, खाली वाकून पाणी पाहता येत होते, पाण्यात उतरून पोहता येत होते. आपण एखादे चित्र पाहत आहो असे न वाटता कोठेतरी उभे आहो असे वाटावे, एवढे त्यात नक्कीच होते.

"आता कुठे जायचं?" अध्यापकांनी विचारले.

"वाटेल तिथे."

"म्हणजे? यांना अभिप्रेत काय आहे?"

भाचा हसला. हा प्रश्न त्या घरात नवा नव्हता. ग्रंथकर्त्यास येथे काय अभिप्रेत आहे, हे विचारीतच त्यांचे आयुष्य गेले होते. कोणतीही कृती हाती आली, की तिच्या कर्त्याने आखलेली वाट हुडकावी, तीवरून सावधपणे चालावे आणि विद्यार्थ्यांनाही चालवावे, ही त्यांची शिस्त होती. या भुयारात त्या शिस्तीचा उपयोग होईना.

उदाहरणार्थ, एक बंद दार लागले. त्यांनी किल्लीचा शोध सुरू केला. कारण कथेत बंद दार आले, की किल्लीही येणारच, असा त्यांचा अनुभव. भाच्याने सांगितले, की किल्ली असेलही, परंतु कुलूप उघडण्याची कला अवगत असेल तर कुलूप उघडता येते. नसेल तर शस्त्राचे घाव घालून दार फोडता येते, मात्र त्यात शस्त्र झिजते. आणि योग्य अक्षरशिळा सापडल्या असतील तर मंत्रानेही दार उघडते. यांपैकी बरोबर उत्तर कोणते? कोणतेच नाही आणि सर्वच. कूटप्रश्नाला एक उत्तर असते आणि ते कूट रचणाऱ्याच्या मुठीत असते. येथे दार हे कूट नव्हते. ते केवळ लाकडाचे दार होते आणि लाकडाने जसे वागावे तसे ते वागत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांना मक्याचे कणीस सापडले. बाहेर श्रावणाची सर कोसळत होती. मनात आले म्हणून त्यांनी ते पेटत्या मशालीवर धरले, आणि त्याच्या लाह्या झाल्या. कथेच्या प्रवाहात या लाह्यांना विशेष स्थान नाही. पात्र त्या खाते आणि त्याची भूक थोडी भागते, इतकेच. तरी अध्यापक बराच वेळ त्या लाह्यांकडे पाहत राहिले. कोणीतरी, कधीतरी, एखाद्याला असे करावेसे वाटेल म्हणून, हे योजून ठेवले होते.

या प्रकारच्या खेळांचा पूर्वेतिहास येथे थोडक्यात पाहिला पाहिजे. 1974 मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळावयाचा खेळ अमेरिकेत निघाला. त्यात एकजण सूत्रधार होतो, भुयाराचे वर्णन करतो. इतर खेळाडू आपापल्या पात्राने काय केले ते सांगतात. कोणी अनपेक्षित काही केले, तर सूत्रधार क्षणभर विचार करून त्याचा परिणाम सांगतो. खेळाडूचे स्वातंत्र्य येथे एका जिवंत माणसाच्या कल्पकतेवर अवलंबून असते. त्यानंतर अल्पावधीतच, 1975–76 च्या सुमारास, विल क्राउदर या संगणकतज्ज्ञाने केंटकीतील मॅमथ केव्ह या खऱ्या गुहेच्या आधारे एक शब्दमय खेळ लिहिला. तो स्वतः गुहांचा शोध घेणारा होता. नुकताच घटस्फोट झालेला. मुलींना आपल्याशी जोडून ठेवणारे काहीतरी असावे, हाही त्या लेखनामागचा एक हेतू होता. 1977 मध्ये डॉन वुड्स याने त्यात भर घातली आणि तो खेळ विद्यापीठांतील यंत्रांवरून सर्वत्र पसरला. खेळाडूने एक-दोन शब्दांची आज्ञा टंकावी आणि यंत्राने उत्तर द्यावे, अशी त्याची रीत. टेबलापाशी बसलेला सूत्रधार येथे उरला नाही. त्याच्या जागी आधीच लिहून ठेवलेली उत्तरे आली. जे लिहिलेले नाही त्यापुढे यंत्र निरुत्तर.

तेव्हापासून या परंपरेपुढचा मुख्य प्रश्न हाच राहिला : सूत्रधार गेल्यावर अनपेक्षिताला उत्तर कोणी द्यावयाचे? 1992 च्या या खेळाने दिलेले उत्तर साहित्याच्या अभ्यासकास सहज उमगण्यासारखे आहे. प्रत्येक संभाव्य कृतीचे उत्तर लिहून ठेवावयाचे, तर ते प्रवाशाच्या हाती देण्याच्या वाक्यसंग्रहासारखे होते; त्यात नसलेले वाक्य बोलता येत नाही. त्याऐवजी व्याकरण द्यावे. लाकूड फुटते, अग्नी जाळतो, जड वस्तू खाली पडते, अंधारात दिसत नाही, उपाशी माणूस थकतो, असे थोडे नियम सर्वत्र सारखेच लागू करावेत. मग खेळाडू त्या नियमांतून अशी वाक्ये रचतो, जी रचणाऱ्यांनीही कधी ऐकलेली नसतात. पाणिनीच्या देशातील वाचकास याहून अधिक सांगण्याची गरज नाही. नियम आणि स्वातंत्र्य हे परस्परांचे शत्रू आहेत हा समज ज्याने एकदा व्याकरणाचा विचार केला आहे त्याच्यापाशी टिकत नाही.

भुयारच का, याचेही उत्तर यात आहे. भुयाराला भिंती असतात. बंदिस्त जागेचा कोपरा न् कोपरा घडविणाऱ्यांना भरता येतो, प्रत्येक दगडाला नियमाखाली आणता येते. याच कुळातील 1996 च्या 'डॅगरफॉल' या खेळाने खेळाडूपुढे हजारो गावे आणि भुयारे मांडली. परंतु ती बहुतांशी यंत्राने पाडलेल्या साच्यांची होती, आणि एका गावातून दुसऱ्यात जाताना फार काही बदलल्याची जाणीव होत नसे. तेथे जाण्याचे स्वातंत्र्य अफाट, पण पोहोचल्यावर करावयाचे थोडे. उलट 2002 मध्ये फ्रान्समधील आर्केन या संस्थेने राफाएल कोलांतोनिओ यांच्या नेतृत्वाखाली 'आर्क्स फातालिस' हा खेळ केला, तो उघडपणे 'अंडरवर्ल्ड'चा वारसा सांगणारा. तेथे सूर्य निमाला आहे आणि माणसांसह सर्व जातींनी जमिनीखाली आश्रय घेतला आहे. त्या भुयारात पिठात पाणी कालवून विस्तवाशी ठेवले, की पाव तयार होतो; आणि मंत्र घालावयाचा तर त्याची अक्षरे हाताने हवेत रेखाटावी लागतात. जागा लहान, पण हाताला लागणारे प्रत्येक काही उत्तर देणारे. स्वातंत्र्याची मोजणी मैलांत करावयाची की प्रतिसादांत, हा त्या दोन खेळांमधील वाद आहे.

अध्यापकांना मात्र स्वातंत्र्याचा खरा अर्थ लाह्यांनी कळला नाही. तो एका हत्येने कळला.

महाविवराच्या पहिल्याच पातळीवर गॉब्लिनांच्या दोन टोळ्या राहतात, एक हिरव्यांची आणि एक करड्यांची. दोघांत वैर आहे. अध्यापकांनी पुराणे आणि कथाकाव्ये वाचलेली. विवरात दात विचकणारा, कातडी हिरवी असलेला कोणी समोर आला, तर तो राक्षस, आणि राक्षस असतो तो मारला जाण्यासाठीच, याविषयी त्यांच्या मनात शंका आली नाही. वळणावर एकजण दिसताच त्यांनी हाती असलेल्या शस्त्राने वार केले. दोन-चार घावांत तो पडला. जवळचे इतर धावून आले आणि अध्यापकांच्या पात्राला जीव घेऊन पळावे लागले.

"मामा, तो बोलला असता तुमच्याशी," मागे चहा घेऊन उभा असलेला भाचा म्हणाला. "त्यांचा राजा आहे, वर्निक्स. तो इथली पुष्कळ माहिती देतो."

"मग खेळाने सांगितलं का नाही तसं?"

"सांगायचं काय? तुम्ही विचारलंच नाही."

खेळ थांबला नव्हता. कोणी दोष दिला नव्हता, दंड केला नव्हता, गुण कापले नव्हते. फक्त त्या दालनातून येणारे शब्द बंद झाले होते. एक टोळी, तिचा राजा, तिची गाऱ्हाणी, शेजाऱ्यांविषयीचे तिचे म्हणणे, एवढे सारे एका वळणावर मिटून गेले. आणि ते मिटले हेही कोणी सांगितले नसते, तर कळले नसते.

"मागचा सेव्ह लोड करा," भाच्याने सुचविले. "पाच मिनिटांपूर्वीचं सगळं परत मिळेल."

"राहू दे," अध्यापक म्हणाले. त्यात तत्त्व असे काही नव्हते. त्यांना थोडी लाज वाटली होती, आणि भाच्यादेखत ती पुसून टाकण्याचीही लाज वाटली.

त्या रात्री त्यांच्या मनात आपल्या परंपरेतील दोन गोष्टी येत राहिल्या. एक मोक्षपट, जो परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो आणि ज्याची सोंगटी सद्गुणाच्या शिडीने चढते, दुर्गुणाच्या सापाने घसरते. नीतीचा पट असूनही त्यात खेळणाऱ्याच्या हाती काहीच नसते. कवड्या पडतात तसे व्हावयाचे. तेथे पाप घडते, परंतु कोणी ते करीत नाही. दुसरी गोष्ट तिलिस्माची. देवकीनंदन खत्री यांच्या 1888 च्या 'चंद्रकांता'ने हिंदी वाचकांना वेड लावले, आणि त्याच सुमारास लखनौच्या छापखान्यातून उर्दूतील 'तिलिस्मे होशरुबा'चे खंड बाहेर पडत होते. भुयारे, गुप्त दारे, यंत्रे, मायावी नगरे, सर्व काही तेथेही आहे. परंतु तिलिस्म कोणी तोडावयाचा हे तो बांधला जातानाच ठरलेले असते. ज्याच्या नावाने तो बांधला, त्याच्याच हातून तो तुटतो. इतरांनी कितीही धडका माराव्यात. मोक्षपटात दैव कवड्यांत असते, तिलिस्मात ते शिलालेखात असते. या परक्या भुयारात ते कोठेच दिसत नव्हते. वळणावर उभा असलेला गॉब्लिन कोणाच्याही नावाने लिहून ठेवलेला नव्हता. त्याला मारणे वा न मारणे पूर्णतः त्यांचे होते, आणि म्हणूनच ते त्यांच्या अंगाला चिकटून राहिले.

आणखी एक गोष्ट त्यांना अस्वस्थ करीत होती. खेळातील त्यांचे पात्र म्हणजे 'अवतार'. शब्द आपलाच. रिचर्ड गॅरियट याने 1985 च्या 'अल्टिमा 4' मध्ये तो घेतला आणि त्या मालिकेतील नायकाला कायमचा चिकटविला. मंत्र हा शब्दही त्याच वाटेने गेला. या भुयारात तर 'ओम काह' असा एक मंत्र देवस्थानापाशी म्हटला, की पात्राची काही कौशल्ये वाढतात. संस्कृतज्ञाने यावर हसावे हे स्वाभाविक होते, आणि अध्यापक प्रथम हसलेही. परंतु पुढे त्यांच्या ध्यानात आले, की त्या मालिकेने शब्दाचा अर्थ उलटा केला आहे. आपल्याकडे अवतार म्हणजे खाली उतरणे. जो मुक्तच आहे, त्याने देहाची, काळाची, भुकेची बंधने आपखुषीने पत्करणे. गॅरियटच्या कथेत अवतार म्हणजे आठ सद्गुण अंगी बाणवून वर चढलेला सामान्य मनुष्य. एक वरून खाली येतो, दुसरा खालून वर जातो.

आणि 1992 च्या खेळात त्या वर चढलेल्यालाच पुन्हा खाली उतरविले आहे. तेथे त्याला भूक लागते, मशाल विझते, ओझे पेलवत नाही. खेळाडूचेही तसेच होत नाही काय? आपल्या खोलीत बसलेला मनुष्य त्या जगाच्या दृष्टीने सर्वसमर्थ असतो; मनात आले तर यंत्र बंद करून ते जगच विझवू शकतो. तरी तो उतरतो आणि तेथील भिंतींना भिंती मानतो. ही बंधने त्याने पत्करली नाहीत, तर स्वातंत्र्याला अर्थच उरत नाही. कारण जेथे काहीच अडवीत नाही, तेथे निवडण्यासारखेही काही नसते. अवतारकल्पनेचा हा अर्थ त्यांनी अनेकदा वर्गात सांगितला होता. तो असा अंगावर मात्र कधी आला नव्हता.

यावर आक्षेप घेता येतो, आणि अध्यापकांनी तो भाच्याशी बोलताना घेतलाही. शेवट तर ठरलेलाच आहे ना? आठ दैवी वस्तू गोळा करावयाच्या, त्या भुयाराच्या तळाशी असलेल्या ज्वालामुखीत टाकावयाच्या, आणि जो दैत्य शस्त्राने मरत नाही, त्याला या जगातून दुसरीकडे घालवावयाचे. हे प्रत्येकाने असेच केले पाहिजे. मग स्वातंत्र्य कसले? भाच्याने कबूल केले, की शेवट एकच आहे. परंतु त्याचे म्हणणे असे, की वाट कोणाचीच दुसऱ्यासारखी नसते; आणि शेवटास पोहोचलेल्या दोघांनी आपापली हकीकत सांगितली, तर ते एकाच खेळाविषयी बोलत आहेत की नाही, असा संशय यावा. स्पेक्टर यांनी तर पुढे वारंवार असे म्हटले आहे, की अशा खेळाचे कर्तृत्व घडविणारा आणि खेळणारा या दोघांत वाटलेले असते. त्याच मंडळीच्या पुढील संस्थेतून 1994 चा 'सिस्टिम शॉक' आणि 1998 चा 'थीफ' निघाला, आणि स्पेक्टर यांच्या हाताखाली 2000 मध्ये 'डेउस एक्स'. या सर्वांत ही वाटणी अधिकाधिक जाणीवपूर्वक केलेली दिसते. रामकथेचा शेवटही ठाऊक असतो, असे अध्यापक थोड्या वेळाने आपणहून म्हणाले. म्हणून कोणी कीर्तनातून उठून जात नाही.

तिसऱ्या पातळीवर सरडेमानव राहतात. त्यांची भाषा वेगळी आहे, आणि ती शब्दाशब्दाने जमवावी लागते. शब्द न जमविता कोणी पुढे गेला तर जाऊ शकतो. फक्त त्याला ते बोलणे अखेरपर्यंत फूत्कार वाटत राहते. अध्यापकांनी येथे चार दिवस काढले. वहीत दोन रकाने पाडून त्यांनी शब्द लिहिले, चुकले ते खोडले. तीस वर्षे परप्रांतात, पहिल्या दिवशी मराठीचा एकही शब्द न कळणाऱ्या मुलांपुढे उभे राहिलेल्या या मनुष्याला, आज समोरच्याच्या तोंडातील ध्वनीचा शब्द होताना पाहून जो आनंद झाला, तो भाच्याला समजण्यासारखा नव्हता. एकदा तर त्यांनी त्याला हाक मारून बोलावले आणि एक वाक्य म्हणून दाखविले.

त्या वहीमुळेच त्यांना ती आठवली.

बारा-तेरा वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी महीपतीच्या संतचरित्रांवर त्यांच्या हाताखाली प्रबंध लिहीत होती. तुकोबांच्या कथेतील आवली, जी डोंगरावर भाकरी घेऊन जाते आणि जिची परंपरेने कर्कशा म्हणून संभावना केली, तिच्या उंबरठ्यावर उभे राहून ती सर्व चरित्रे वाचावयाची, असा त्या मुलीचा मार्ग होता. महीपती जे सांगतो ते सारे तसेच ठेवून, तो ज्या दालनातून घाईने निघून जातो त्या दालनात ती थांबली होती. अध्यापकांनी त्या प्रकरणाच्या समासात पेन्सिलीने लिहिले : 'संहिता याला वाव देत नाही.' तिने एकदा विचारले, की संहितेने कोठे मनाई केली आहे. त्यांनी उत्तर दिले, की कर्त्यास ते अभिप्रेत नाही. तिने प्रकरण बदलले नाही. पुढच्या वर्षी नावनोंदणीही केली नाही. कोणी कोणाला दोष दिला नाही. विभागाचे काम चालू राहिले.

वळणावरच्या त्या गॉब्लिनाशी आपण बोललो नाही याचे त्यांना एवढे का लागले होते, ते त्या संध्याकाळी त्यांना कळले. संहितेने नाही म्हटले नव्हते. त्यांनी तिला विचारलेच नव्हते.

वाचकाचे स्वातंत्र्य मानले, की सर्व सुखरूप होते असेही नाही. आणि त्या भुयारानेच त्यांना याची जाणीव दिली. महाविवराची मूळ कथा कॅबिरस नावाच्या एका स्वप्नदर्शी पुरुषाची आहे. वरच्या जगात आठ नगरे, प्रत्येक एका सद्गुणाचे. त्याला आठही सद्गुण एकत्र नांदतील असे नववे नगर वसवावयाचे होते, तेही या विवरात. माणसे, गॉब्लिन, बुटके पर्वतवासी, सरडेमानव, अशा भिन्न जाती त्याने एकत्र आणल्या; प्रत्येक समूहाला एकेक दैवी वस्तू द्यावयाची त्याची योजना होती. परंतु ती वाटण्याआधीच तो मरण पावला आणि काय करावे याच्या सूचना मागे ठेवल्या नाहीत. वसाहत भांडणात मोडली, वस्तू हरवल्या. खेळाडू ज्या भुयारात फिरतो ते या मोडलेल्या नगराचे अवशेष आहेत. कर्ता गेला आणि अभिप्राय सांगून गेला नाही, तर मागे राहिलेले किती स्वतंत्र आणि किती पोरके होतात, हे त्यात दिसते. अध्यापकांना वाटले, की आपला जन्मभरचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. कर्त्याला काय हवे होते हे विचारले पाहिजे. परंतु तो उत्तर देण्यास तेथे नसतो. मग जे हाती उरते, ते एकमेकांना विचारून जोडावे लागते, आणि त्यासाठी एकमेकांची भाषा शिकावी लागते. सर्व टोळ्यांशी ज्याने बोलून पाहिले, त्यालाच त्या नवव्या नगराचा आराखडा थोडाफार दिसतो. अध्यापकांच्या नकाशात आता एका बाजूस कायमची पोकळी राहणार होती.

भाचा परत जाण्याच्या आदल्या दिवशी दोघांत जुना विषय पुन्हा निघाला. त्याने सांगितले, की आता बहुतेक सर्वजण मागचे जतन केलेले उघडून चूक सुधारतात. तसे करण्यात गैर काही नाही, तेही एक स्वातंत्र्यच. अध्यापकांनी ते मान्य केले. पण त्यांनी खेळातीलच एका रुप्याच्या बीची आठवण दिली. ती बी सापडली आणि मातीत लावली, तर तिचे झाड होते. नंतर पात्र मेले, तर ते त्या झाडापाशी पुन्हा जिवंत होते. मरण मागे पडते, परंतु जग होते तसेच असते. ज्याला मारले तो मेलेलाच राहतो, जे दार फोडले ते फुटलेलेच. "मला ही सोय पटते," ते म्हणाले. "परत उभं राहता येतं. पण झालेलं न झालेलं होत नाही."

"मग वर्निक्सचं काय?" भाच्याने विचारले.

"त्याचं काही नाही. करड्यांच्या राजाशी बोलतो आता. तो हिरव्यांविषयी काय सांगतो ते ऐकतो. एकाच बाजूचं कळेल, एवढं लक्षात ठेवायचं."

या खेळात नकाशा आपोआप काढला जातो आणि त्यावर लेखणीने हवे तेथे टीप लिहिता येते. तेव्हा ती मोठी नवलाई होती. यंत्राला देवनागरी ठाऊक नाही. भाचा गेल्यावर अध्यापकांनी पहिल्या पातळीचा नकाशा उघडला, त्या वळणावर लेखणी नेली आणि रोमन अक्षरांत, एकेक कळ शोधीत, लिहिले : 'इथे चुकले.' मग खेळ जतन करून यंत्र बंद केले.

कपाटाच्या खालच्या फळीवर ते अपुरे प्रकरण होते. त्यांनी ते काढले, चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून वाचावयास घेतले. समासातील आपली ओळ आली तेथे ते थांबले नाहीत. आवली भाकरी बांधून उंबरठा ओलांडीत होती. पुढे डोंगराची वाट होती, आणि त्या वाटेने तिच्याबरोबर ते याआधी कधी चढले नव्हते.